खाडा

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाचा खाडा म्हणजे फुली,
सिलिंडर लावला तो चौकोन,
आणि माझा एक ठिपका, हिरव्या शाईचा.
कुणी विचारलंच तर सांगायचं,
पेन चालतंय का बघत होते.

गणपतीपासून ठिपके बहकलेत.
मंगळवारी दोन थेंब, मग अकरा दिवस काही नाही,
मग नऊ दिवस असे
की खाकीच्या आत जुनी काळी पँट घालून गेले.
आणि आता सत्तेचाळीस दिवस कोरडे.
पानं उलटून मागे गेले, पुढे आले.
मागच्या बाजूला मोदकांची कृती आणि भविष्य,
तूळ : जुनं येणं वसूल होईल.

दिवस गेले.
या दोन शब्दांचे आपल्यात दोन अर्थ,
आणि मी दोन्हींच्या मधोमध
वडाळा डेपोत चिल्लर मोजत बसलेय.

अरविंदला सांगितलेलं नाही.
तो म्हणेल, "असेल तर असेल,"
आणि कूस बदलेल.
प्रज्योत नववीत, मिसरूड फुटलंय त्याला.
त्याच्या पालकसभेला मी पोट घेऊन
त्या बुटक्या बाकात बसू?
आईला फोन केला. विषय काढला नाही.
तीच मध्येच म्हणाली,
"माझं तर एकेचाळिसाव्या वर्षीच थांबलं."
मग बराच वेळ भोपळ्याच्या घारग्यांवर बोलली.

एक फेरी पावणेदोन तासांची.
मुलुंड चेकनाक्याच्या संडासाला कुलूप,
किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला.
वेळापत्रक असतं ते गाडीला.

किट घेतलं दादरला, ओळखीचं कुणी नसेल अशा दुकानात.
त्या माणसाने ते कागदात, मग पिशवीत,
मग आणखी एका काळ्या पिशवीत घातलं,
जणू मी चोरलं होतं आणि तो लपवत होता.
डेपोत दार लावून घेतलं.
तीन थेंब. पाच मिनिटं थांबा.
दहा मिनिटांनंतर वाचलेला निकाल धरू नये.
दुसऱ्या मिनिटाला खरातांनी हॉर्न दिला,
स्टार्टरने नावाने हाक मारली.
उचललं आणि तिकिटांच्या पिशवीत
सुट्ट्या पैशांशेजारी ठेवलं.

सायनपर्यंत गाडी गच्च.
एकजण पाच रुपयांसाठी भांडला,
एका पोटुशीला मी जागा करून दिली, ओरडून,
नेहमीपेक्षा जरा जास्तच ओरडून.
सर्कलला श्वास मिळाला तेव्हा बघितलं :
एक रेघ.
आणि दुसरी?
असल्यासारखी.
नळाला पाणी यायच्या आधी
जो नुसता आवाज येतो, तेवढी.
पाचशेची नोट धरतात तशी उजेडाला धरली.
खरी की खोटी, अठरा वर्षं बोटांनी ओळखतेय.
ही ओळखता आली नाही.
वेळ टळून गेली होती.

खरं सांगू?
तेवढ्यात एक नाव सुचून गेलं.
मुलीचं.
मी लगेच बेल मारली.

ओपीडीत केसपेपर हातात घेऊन तीन तास बाकावर.
मॅडम म्हणजे पोरगीच, डोळ्यांखाली रात्र,
वर न बघता :
"शेवटची पाळी?"
"दुसरी, मॅडम. दोन ते दहा."
तिचं पेन थांबलं.
मग ती हसली, मग मला कळलं, मग मी हसले,
मागच्या बाईनेही पदर तोंडाला लावला,
आणि हसता हसता
मला खाली ऊब जाणवली.
कसली, ते तिलाही आत्ताच सांगता येत नाही.
गाठ असेल, वय असेल,
आलं असेल आणि निघालं असेल.

सोमवारी सोनोग्राफी.
"भरपूर पाणी पिऊन या," ती म्हणाली,
"आणि लघवी रोखून धरा. जमेल ना?"

अठरा वर्षं, म्हटलं, मॅडम.
वडाळा ते मुलुंड.